कानाएवढी काठी

माझा मणका बायकोच्या फोडणीनं मोडला, असं मी पाहुण्यांना सांगतो. तिला ते आवडत नाही. ती आतून ओरडते, "फोडणीनं नाही, शिंकेनं!" मग मी पाहुण्यांना विचारतो, शिंक कशानं आली? यावर उत्तर म्हणून त्या पाहुण्याच्या चहात साखर कमी पडते.

आम्ही राहतो बजाजनगरला. मी वाळूजच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं लेथवर उभा राहिलो, आणि बायको कंपन्यांमधल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे करते. वीस-बावीस डबे. त्यामुळं आमच्या घरात फोडणी म्हणजे चमचाभर तेलात चार मोहऱ्या असा प्रकार नसतो. कढईभर तेल, मूठभर लाल मिरच्या, आणि सगळी गल्ली खोकते. होळीच्या आधीची सकाळ होती. मी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि नेमका तेव्हाच तो ठसका आला. शिंकलो. पाठीत मधोमध वाळलेली तुरीची शेंग फुटावी तसं काहीतरी वाजलं आणि मी तिथंच फरशीवर बसलो.

बायको कढईवरून म्हणाली, "नाटकं नका करू, कंपनीची बस चुकंल."

लग्नापासून मी इतकी नाटकं केली होती की तिचा त्यात काही दोष नव्हता. पण या वेळी मला खरंच उठता येईना.

एका शिंकेनं माणसाचा मणका मोडत नाही. मोडायला आधी तो पोखरलेला लागतो. त्याला कारण एक पांढरी गोळी, तांदळाच्या कणीएवढी. चार वर्षांपूर्वी मला संधिवात झाला. सकाळी बोटं अशी सुजायची की शर्टाची गुंडी लावायला बायको लागायची, आणि लेथचं हँडल तर दूरच राहिलं. उस्मानपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड सुरू केलं. आठ दिवसांत मूठ वळली. मी त्या गोळीचा भक्त झालो. चेहरा गोल झाला, गाल वर आले. गावाकडं गेलो की लोक म्हणायचे, शहराचं पाणी मानवलं. मीही मान डोलवायचो.

मॅडमनी मला अंधारात ठेवलं नव्हतं. सूज उतरली तसा त्यांनी डोस कमी करून पाहिला, तर बोटं पुन्हा फुगली. म्हणून थोडी गोळी चालू ठेवावी लागली. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "काका, ही गोळी सांधे सांभाळते, पण हाडांतून कस काढून नेते. हाडांकडं आतापासून बघायचं." आधी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन दिलं, आणि मणका मोडायच्या दीड वर्ष आधी हाडांसाठी आठवड्याला एक गोळीही लिहून दिली. माझी फाइल एव्हाना इतकी जाड झालीय की वरच्या कागदांवर शहराचं नवं नाव आहे आणि खालच्यांवर जुनं.

तर एक्स-रे निघाला. पाठीचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला. मग हाडं किती विरळ झालीत हे मोजायच्या मशीनवर पाठवलं. तिथं बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या, सगळ्या साठीपुढच्या, आणि त्यांच्यात मी एकटा मिशीवाला. आतून मुलगी आली, कागद बघितला, माझ्या बायकोला म्हणाली, "चला आजी."

बायको म्हणाली, "मी आजी नाही आणि पेशंट हे आहेत."

सगळा बाक माझ्याकडं बघायला लागला. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "बाप्यांना बी व्हतं व्हय हे?" मी पाठीला बांधलेला पट्टा धरून चालत आत गेलो. त्या दिवशी मला माझ्या हाडांपेक्षा माझ्या मिशीची जास्त काळजी वाटली.

आकडा उण्यात आला, म्हणजे हाडं बरीच विरळ झालेली. मॅडमनी तो दोनदा बघितला.

"काका, आठवड्याची गोळी घेत होता ना?"

"दीड वर्षात एक रविवार चुकवला नाही, मॅडम."

"मग हाडं इतकी विरळ व्हायला नको होती. कशी घेत होता?"

आता मला इथं आमच्या घराण्याबद्दल सांगावं लागेल. आम्ही मेंढरंवाले. आजा, वडील, सगळे मेंढरांमागं फिरले. थोरला भाऊ, माझा दादा, अजून फिरतो. मी एकटाच आयटीआय करून मशीनला लागलो. पण घरच्या काही समजुती मी गावाकडून पत्र्याच्या ट्रंकेत घालून आणल्या, त्यातली पहिली म्हणजे औषध कुठलंही असो, शेळीच्या दुधाबरोबर घ्यायचं. तापाला दूध, मुका मार लागला तर दूध, पोट बिघडलं तरी आधी दूध. आणि ही तर हाडांची गोळी! हाडांना दूध लागतं हे शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं होतं. मी फोनवर दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आन् ती तू पाण्यासंग घेतूस? आरं, येडा का खुळा?"

तेव्हापासून दर शनिवारी गावाकडून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोत शेळीच्या दुधाची किटली येऊ लागली. रविवारी सकाळी बायको ते आटवायची. मी मोठा पेला घ्यायचो, त्यात एका घोटाला हाडांची गोळी, दुसऱ्याला कॅल्शियमची. मॅडमनी अर्ध्या तासाचं काहीतरी सांगितलेलं लक्षात होतं. त्या अर्ध्या तासात काय करायचं ते मी माझ्या सोयीनं ठरवलं होतं. औषध अंगी लागावं म्हणून पुन्हा अंथरुणात शिरायचो.

हे सगळं मी मॅडमना अभिमानानं सांगितलं. शेळीला चारा कुठला घालतात तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छातीत जळजळ होते?"

"होते थोडी. डब्यातल्या मिरचीची."

"मिरचीची नाही, काका. ही गोळी दुधासोबत घेतली की दुधातल्या कॅल्शियमला चिकटते आणि तशीच पोटातून निघून जाते. हाडांपर्यंत पोचतच नाही. ही सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. नंतर अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही, आणि आडवं तर मुळीच व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते."

बायको म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष आम्ही हाडं मजबूत केली कुणाची?"

"बजाजनगरच्या ड्रेनेजची," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

मग मला राग आला. असला चिडका राग मला फार वर्षांत आला नव्हता. मी म्हणालो, "मग ती पांढरी गोळीच बंद करतो. सगळं तिनंच केलंय."

"तेवढं मात्र करू नका," मॅडम म्हणाल्या. "चार वर्षं बाहेरून मिळाल्यावर तुमचं शरीर ते स्वतः बनवायचं विसरलंय. एकदम थांबवलीत तर जिवावर बेतेल. कमी करू, पण मी सांगेन तशी, सावकाश. आधी ती जळजळ बसवू, मग हाडांची गोळी नीट पद्धतीनं परत सुरू करू. संध्याकाळी दूध प्या की! दुधाशी माझं भांडण नाही, वेळेशी आहे."

पुढचे काही आठवडे मी पाठीला पट्टा बांधून घरात. बायकोनं माझ्यासाठी हात असलेली एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि खिडकीत ठेवली. न्हाणीतलं पायपुसणं काढलं, दारातली गोधडी काढली, माझ्या गुळगुळीत झालेल्या चपला फेकून दिल्या. पडायचं नाही एवढा एकच नियम, पण त्याच्यापायी घरातली निम्मी जमीन उघडी पडली.

अशात एके दिवशी दादा आला. पांढरा फेटा, धोतर, खांद्यावर घोंगडी आणि हातात दोन काठ्या, एक त्याची, एक माझी.

आमच्यात पोरगा अठराचा झाला की बाप त्याची काठी कापून देतो. पोराला ताठ उभं करायचं, काठी शेजारी धरायची आणि कानाच्या पाळीशी खूण करून वरचा भाग कापायचा. कानाएवढी काठी असली की तिच्यावर दोन्ही हात आणि हनुवटी टेकवून, मेंढरं चरत असताना उभ्या उभ्या डुलकी काढता येते. माझी काठी गावाकडं आढ्याला खोचलेली असायची. मला आधाराला होईल म्हणून दादानं ती आणली होती.

मी खुर्चीतून उठलो आणि काठी हातात घेतली. तिचं टोक कानाच्या दोन बोटं वर गेलं.

"काठी वाढली का काय?" मी म्हणालो.

दादा हसला नाही. बायकोनं दादासमोर डोक्यावर पदर घेतलेला असतो आणि ती त्याच्याशी थेट बोलत नाही. तिचं सगळं बोलणं कुकरकडं तोंड करून चालतं. ती कुकरला म्हणाली, "पँटी पायात घोळाया लागल्या तवा टेलरला शिव्या घातल्या. आता काठीला घाला."

म्हणजे मीच दोन बोटं कमी झालो होतो. चेपलेल्या मणक्यानं आणि वाकलेल्या पाठीनं मला खाली आणलं होतं.

दादानं काठी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी केली आणि अगदी मायेनं म्हणाला, "दोन बोटं कापून देतो. आन् आता तू कोकरांवर बस."

कोकरांवर बसणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर वाटेल, किती छान. कळप चरायला निघतो तेव्हा लहान कोकरं मुक्कामाच्या जागीच ठेवतात, आणि ज्याची पाठ गेली, पाय गेले, त्याला त्यांच्यावर राखण बसवतात. सावली असते, काम हलकं असतं, मान असतो. फक्त तिथून परत उठून कळपामागं गेलेला माणूस आमच्या घराण्यात मी पाहिलेला नाही. केस कितीही पांढरे होवोत, आमच्यात माणूस म्हातारा होतो तो त्या दिवशी.

दादाच्या कळपात माझ्या अकरा मेंढ्या आहेत. वडिलांनी घालून दिलेला नियम असा, की ज्याची मेंढरं कळपात आहेत त्यानं वर्षातून एक मुक्काम तरी कळपाबरोबर पायी चालायचा. दिवाळीनंतर कळप गंगथडीच्या, नदीकाठच्या रानाकडं निघतो, त्यातला पहिला मुक्काम माझा. पंचवीस वर्षं कंपनीत 'घरगुती काम' लिहून मी ती रजा टाकली. जो चालत नाही त्याच्या मेंढ्या त्याच्याच राहतात, पण कळप कुठं न्यायचा, कुठली मेंढी ठेवायची, हे त्याला मग कुणी विचारत नाही. वर्षातला तो एक दिवस सोडला तर मी नुसता बजाजनगरचा एक लेथवाला आहे. त्रेपन्नाव्या वर्षी तो दिवस मला सोडायचा नव्हता.

"काठीला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "दिवाळीला मी चालणार."

"तुझा मणका फोडणीनं मोडतो, आन् तू चालणार?"

"फोडणीनं नाही, शिंकेनं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोची बाजू घेतली. कुकरनंही शिट्टी दिली.

जाताना दादानं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि कागदाच्या सात-आठ पुड्या माझ्या हातावर ठेवल्या. "ती डॉक्टरनीची गोळी फेकून दे. ही घे. बाजारच्या दिवशी एक वैद्य बसतो, त्याची हाय. मह्या गुडघ्याला तर लई गुन. घेतली की तासाभरात पळाया लागतो मानूस."

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण पुड्या माझ्या खिशात जायच्या आधी बायकोनं त्या फाइलमध्ये टाकल्या आणि पुढच्या वेळी मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी एक उघडून बघितली. "यात काय आहे ते बघून सांगता येत नाही. पण तासाभरात गुडघा मोकळा होत असेल, तर मला शंका एकाच गोष्टीची येते. तुम्ही घेता तेच स्टेरॉइड. फक्त तुमच्या गोळीवर नाव आहे, माप आहे, आणि हाडांकडं बघायला मी आहे. कोण घेतं ही?"

"भाऊ. पण तो ठणठणीत आहे," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मग मी सुरू केलं. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती आणि गावच्या सरपंचासारखी बोलायची. "काका, वाकायचं नाही. खालचं काही उचलायचं तर गुडघे टेका, पाठ सरळ. भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा उचला. आता खुर्चीतून हात न लावता उठा." मी विचारलं, किती वेळा? ती म्हणाली, "दहा. आणि तोंड वाकडं न करता." त्या लाल खुर्चीतून मी दहा वेळा उठायचो-बसायचो. आषाढात तिचा एक पाय फाकला आणि ती गेली. खुर्ची मोडली, मी नाही, हे मी दादाला मुद्दाम फोन करून कळवलं.

चालणं आधी कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत होतं. त्या टपरीवर थांबून तंबाखू मळायची माझी जुनी सवय, पण मॅडमनी तिच्यावरही फुली मारली होती. म्हणून टपरीवाल्याकडं न बघता पुढं जायचं हा वेगळाच व्यायाम झाला. मग चौकापर्यंत. मग एमआयडीसीच्या रस्त्यानं, पहिल्या पाळीच्या बस जात असताना. माझ्याच कंपनीच्या बसमधून माझेच दोस्त खिडकीतून ओरडायचे, "काय काका, मॅरेथॉन का?" मी काठी उंच करायचो. काठीचं टोक अजून कानाच्या वरच होतं.

रविवारचा अर्धा तास सगळ्यात अवघड. साधं पाणी, गोळी, आणि मग उभं. शेजारी चहा उकळतोय, आल्याचा वास सुटलाय आणि तोंडाला कुलूप. बायकोनं लगेच त्या वेळेचा उपयोग शोधला. "उभेच आहात तर मेथी निवडा." दर रविवारी मी ओट्याशी ताठ उभा राहून बावीस डब्यांची मेथी निवडली. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "उत्तम. उन्हात उभं राहून निवडा."

दिवाळीआधी परवानगी मागायला गेलो. पांढरी गोळी एव्हाना निम्म्यावर आली होती, आणि बोटांनी फार तक्रार केली नव्हती.

"किती चालायचंय?"

"दहा-बारा किलोमीटर. दिवसभरात, मेंढरांच्या चालीनं."

"खांद्यावर ओझं?"

"नाही मॅडम. फक्त वाटेत मेंढी व्याली तर कोकरू उचलावं लागतं. ज्याची मेंढी त्यानं उचलायचं, असं आहे."

"किती किलोचं असतं कोकरू?"

"दोन-तीन."

त्या जरा वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. कोकरांसाठी तिथं काही रकाना नसावा. "दोन्ही गुडघे टेकून, पाठ सरळ, छातीशी धरून. खांद्यावर नाही, वाकून नाही. गेलेली उंची परत येणार नाही, काका, ते डोक्यातून काढा. राहिलेली जाऊ द्यायची नाही. आणि दमलात तर थांबायचं."

"थांबणं आमच्यात बसत नाही, मॅडम."

"मग जाऊ नका."

"थांबीन," मी म्हणालो.

कळप निघायचा दिवस नेमका रविवार आला. मी आदल्या दिवशी गावी पोचलो होतो. पहाट फटफटली तशी बाटलीतल्या साध्या पाण्यानं मी गोळी घेतली आणि काठी टेकवून उभा राहिलो. पायात बायकोनं आणलेले पांढरेशुभ्र बूट. दादा म्हणाला, "मेंढरं बुजतील." मग त्यानं तीन दगडांच्या चुलीवरून पितळी उचलली आणि माझ्यासमोर धरली. ताजं दूध तापवून, वर साय. "घे. चालायचं हाय."

आमच्या घरात थोरल्या भावानं हातानं दिलेलं दूध कुणी नाकारलेलं नाही. वडिलांनी दिलेलं एकदा काकानं नाकारलं होतं, तर तीन वर्षं बोलणं बंद होतं.

"नाय घेणार," मी म्हणालो. "अजून वीस मिनिटं आहेत. संध्याकाळी घेईन, दोन पितळ्या घेईन."

"पोटात काय नसता चालनार?"

"वीस मिनिटं चालेन. मग भाकर खाईन."

दादानं माझ्याकडं बघितलं, पितळीकडं बघितलं आणि दूध स्वतः पिऊन टाकलं. "शहरात जाऊन मानूस लई खोड्या शिकतो," असं तो कुत्र्याला म्हणाला. आणि आम्ही निघालो.

पहिला कोस बरा गेला. दुसऱ्यात पाठ बोलायला लागली. मी थांबलो, काठीवर हात टेकवून श्वास घेतला, पुन्हा निघालो. असं पाच-सहा वेळा झालं. पुतणे कळप घेऊन पुढं गेले. दादा मात्र दर वेळी काहीतरी निमित्त काढून रेंगाळायचा, कधी चपलेतला काटा, कधी फेट्याचं टोक. मला ते कळत होतं आणि ते त्यालाही कळत होतं.

ऊन डोक्यावर असताना कालव्याच्या कडेला एक मेंढी मागं राहिली. कानावरच्या खुणेवरून माझी. बाभळीखाली ती बसली, उठली, पुन्हा बसली, आणि थोड्या वेळात कोकरू खाली आलं, ओलं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. तिनं त्याला चाटून कोरडं केलं. कळप एव्हाना लांब धुळीत दिसत होता.

दादा पुढं सरकला. "राहू दे. मी घेतो."

"माझी मेंढी आहे," मी म्हणालो.

काठी उभी रोवली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. पाठ सरळ, नजर समोर. कोकरू दोन्ही हातांनी ओढून छातीशी घेतलं. या सगळ्याला बराच वेळ लागला. दादा कमरेवर हात ठेवून बघत होता.

"फोटू काढायलाय का कुनी तुझा? वाकून उचल की!"

"मी वाकत नसतो," मी म्हणालो.

उतरणं सोपं होतं. उठायचं कसं? एका हातात कोकरू, एका हातात काठी, आणि पाठीत ती जुनी शेंग पुन्हा फुटायची भीती. त्या क्षणी मला ती लाल खुर्ची आठवली. एक पाय पुढं घेतला, टाच रोवली, मांडीत जोर आणला आणि तोंड वाकडं न करता उठलो. निदान फार वाकडं न करता. कोकरानं माझ्या शर्टावर धार सोडली. पाठीत काही वाजलं नाही.

पुढचा सगळा रस्ता दादा माझ्या चालीनं चालला.

दिवस कलायच्या आत मुक्कामाला पोचलो. शेतकऱ्यानं दाखवलेल्या रानात मेंढरं बसली, पोरांनी जाळी लावली. कोकरू आईला लागलं. दादा नेहमीसारखा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, कळप मोजत. मी सवयीनं माझी काठी कानाशी धरून पाहिली. एक बोट वर. दोन होती, एक राहिलं होतं. वाकण्याचं होतं ते परत मिळालं, चेपलेलं गेलं ते गेलं. मग माझी नजर दादावर गेली.

त्याच्या काठीचं टोक फेट्याच्याही वर होतं.

मी ते किती वर्षं बघत असेन. दादा वाकलाय, चालून चालून वाकलाय, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझ्या लग्नात तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

"दादा, ताठ उभा राहा."

"उभाच हाय."

"ताठ. वडिलांपुढं राहिला होतास तसा."

तो राहिला. मी त्याचीच काठी त्याच्या कानाशी लावली. चार बोटं. त्यानं स्वतः हात वर नेऊन चाचपली. एकेक बोट मोजलं.

"काठी वाढली असंल," तो म्हणाला.

"ती पुडी किती वर्षं घेतोस?"

"कोन मोजतंय? सात. आठ."

मग मी त्याला मॅडमनी पुडी उघडून काय सांगितलं होतं ते सांगितलं. तो ऐकता ऐकता तापत गेला. मिशा थरथरल्या. "म्हंजी? आता मला कोकरांवर बसवतूस व्हय? तू? मला?"

"नाही," मी म्हणालो. "बायकांच्या बाकावर बसवतो. मी बसलो तिथं. मी शेजारी बसतो, मिशीवाले दोघं होऊ."

तो कळपाकडं तोंड करून उभा राहिला. तिकडंच बघत म्हणाला, "ती पुडी मग आजपासून बंद का?"

"एकदम बंद करायची नाही. पुड्यांसकट मॅडमकडं चल."

चार दिवसांनी कळप पुतण्यांवर सोडून तो आला. दवाखान्याच्या दारात रखवालदारानं अडवलं, काठी बाहेर ठेवा म्हणाला. दादा म्हणाला, "ती आत येनार. मापाला लागती." आणि आत घेऊन गेला. मॅडमनी ती त्याच्या कानाशी धरून बघितली, आणि मला वाटतं मशीनच्या आधीच त्यांना काय ते कळलं. मशीनवर त्याचा आकडा माझ्यापेक्षा वाईट आला, आणि रविवारची हाडांची गोळी त्यालाही लागली. पुडी त्यांनी हळूहळू सोडवली, दर पंधरा दिवसांनी बोलावून, आणि तेवढे दिवस गुडघ्यांनी त्याला चांगलंच रडवलं. पण तो कळपामागं आहे. थोडं कमी चालतो, थांबत थांबत चालतो. कोकरांवर आमच्याकडं सध्या कुणीच बसलेलं नाही. पोरं जाळी लावून कोकरं कुत्र्याच्या भरवशावर सोडतात. दोन्ही काठ्या कापलेल्या नाहीत.

रविवारी सकाळी, मेथीच्या वेळेला, दादाचा फोन येतो.

"उभा हाय का?"

"उभा आहे. तू?"

"उभाच. दूध म्होरं तापतंय. लई वास सुटलाय. किती राहिली?"

"अकरा मिनिटं."

"मग बोल काहीतरी. ती तुह्या मणक्याची गोष्ट सांग, कसा मोडला ती."

दहा वेळा ऐकलेली असते त्यानं. मी मेथीची काडी मोडतो, पाठ सरळ करतो आणि सुरू करतो, "अरे, ती कढईभर तेलाची फोडणी..." आणि माझ्या मागून, कढईवरून, आवाज येतोच.

"शिंकेनं!"